खवळलेला म्हणजे किती मीटर?

‘समुद्र खवळलेला राहील, वाऱ्याचा वेग ताशी ५० किलोमीटर, लाटा ३ मीटर.’ किनारपट्टीच्या हवामान अंदाजातलं हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की ते ऐकूनही ऐकलं जात नाही. त्यातला ‘खवळलेला’ हा शब्द आपल्याला वर्णनाचा वाटतो. प्रत्यक्षात ते माप आहे. हवामानशास्त्रज्ञांच्या कोष्टकात लाटा २.५ ते ४ मीटर असल्या तर समुद्र खवळलेला, ४ ते ६ मीटर असल्या तर अतिखवळलेला. भाषा अलंकारिक वाटते, पण मागे आकडे उभे असतात.

आणि हे आकडे जरा फसवे असतात.

आधी वारा घ्या. अंदाजातला वेग ही सरासरी असते, बहुधा १० मिनिटांची, आणि तीही जमिनीपासून १० मीटर उंचीवरची. वारा मात्र सरासरीने वाहत नाही, तो झोतांनी येतो. झोत सरासरीपेक्षा ४० टक्के जोरदार असणं अगदी नेहमीचं. म्हणजे ताशी ५० म्हटलं तर अधूनमधून ७० चा तडाखा धरायचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्या झोतात शिडावर, होडीवर किंवा माणसावर पडणारा दाब जवळजवळ दुप्पट असतो. हे खलाशांना सूत्राशिवायच कळत होतं. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५च्या सुमारास वाऱ्याची श्रेणी लिहून काढली तेव्हा त्यात वेगाचा आकडा नव्हताच. या वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडं उभारता येतील, एवढंच त्याने नोंदवलं होतं. शेवटची पायरी १२, म्हणजे एकही शीड टिकणार नाही असा वारा.

आता त्या ‘३ मीटर’कडे येऊ. समुद्रावर एका मापाच्या लाटा कधीच नसतात. म्हणून सगळ्या लाटांमधल्या सर्वांत उंच एक तृतीयांश लाटा निवडून त्यांची सरासरी काढतात आणि तोच आकडा अंदाजात देतात. पद्धत विचित्र वाटेल, पण मुरलेला खलाशी नजरेने जी उंची सांगतो तिच्याशी हा आकडा बऱ्यापैकी जुळतो. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज हवे होते, तेव्हा हाराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी हे माप रूढ केलं.

याचा अर्थ असा की ३ मीटरच्या समुद्रात बहुतेक लाटा ३ मीटरपेक्षा लहान असतात, पण साधारण सातातली एक त्याहून मोठी असते. आणि सुमारे ३००० लाटांत एखादी दुप्पट, म्हणजे ६ मीटरची. दर ८ सेकंदांनी एक लाट धरली तर तासाला ४५०. दिवसभर बाहेर राहणाऱ्या होडीची त्या लाटेशी गाठ पडण्याची शक्यता चांगलीच आहे. तिला ‘राक्षसी’ म्हणायचं कारण नाही, ती हिशोबातलीच आहे.

लाट मोठी व्हायला तीन गोष्टी लागतात: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतो, आणि पाण्यावरून किती लांबचा पल्ला मारतो. पल्ला नसेल तर जोर वाया जातो. म्हणूनच जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटला की काठालगतचं पाणी सपाट दिसतं. फुगवलेल्या ट्यूबवर तरंगणारा माणूस नेमका अशा दिवशी आत ओढला जातो, आणि जसजसा आत जाईल तसतशा लाटा वाढत जातात.

माझ्या मते अंदाजातला सर्वांत दुर्लक्षित आकडा म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. २ मीटरची लाट दर ६ सेकंदांनी येत असेल तर ती स्थानिक वाऱ्याची, दोन शिखरांमध्ये जेमतेम ५६ मीटर अंतर. तीच २ मीटरची लाट १५ सेकंदांनी येत असेल तर ते अंतर सुमारे ३५० मीटर होतं. ही दूरच्या वादळातून निघालेली लाट, इंग्रजीतली ‘स्वेल’. ती दिवसाला साधारण १००० किलोमीटर कापते. मंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा न्यूझीलंडपासून थेट अलास्कापर्यंत माग काढला होता. केरळच्या किनाऱ्यावर निरभ्र आकाशाखाली, वारा नसताना समुद्र घरांत शिरतो, तोही असाच हजारो किलोमीटरवरून आलेला. तिथे त्याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र.

या लांब लाटेला तळ लवकर लागतो. ६ सेकंदांची लाट २८ मीटर खोलीपर्यंत बेफिकीर असते, १५ सेकंदांचीला १७५ मीटरवरच तळ जाणवू लागतो. मग तिचा वेग मंदावतो, मागचं पुढच्यावर रेटत ती उंचावते, आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की फुटते. शिवाय या लाटा झुंडीने येतात. पाच-सहा मोठ्या, मग कितीतरी मिनिटं काहीच नाही. खडकावर उतरण्याआधी समुद्र नीट पाहून घेतलेला माणूस पुष्कळदा तो मधला रिकामा वेळच पाहत असतो.