ऊन आणि वारा भरपूर असताना अणुवीज कशाला?

आधी एक हिशोब करूया. १००० मेगावॅटची अणुभट्टी वर्षातला ९० टक्के वेळ फुल चालली तर साधारण ७८८ कोटी युनिट वीज देते, तेवढ्याच मेगावॅटचा सोलर प्लांट चांगल्या उन्हात २० टक्क्यांच्या आसपास चालतो, म्हणजे १७५ कोटी युनिट. म्हणून नुसते मेगावॅट बघून तुलना करायचीच नाही. पण साडेचारपट पॅनल लावूनसुद्धा सोलरचं युनिट आज बहुतेक ठिकाणी नव्या अणुभट्टीपेक्षा स्वस्त पडतं, हेही तितकंच खरं आहे.

आता लोक म्हणतात दोन्ही लावा की, सोलर दिवसा आणि अणुवीज रात्री. इथेच गोची आहे. अणुभट्टीचा बहुतेक खर्च बांधतानाच होतो, युरेनियमचा खर्च त्यामानाने किरकोळ, त्यामुळे ती निम्मीच चालवली तर युनिटचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो कारण कर्जाचं व्याज काही थांबत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात बघा, तिथली साधारण ७० टक्के वीज वारा आणि सूर्यापासून येते आणि दुपारी घाऊक भाव कित्येकदा शून्याच्याही खाली जातो, त्या वेळी अणुवीज घेणार कोण? भट्टी मंद करता येते, फ्रान्समध्ये करतातही, पण पॉवर एकदम खाली आणली की काही तास आत झेनॉन-१३५ नावाचा वायू साचतो, तो भट्टी चालू ठेवणारे न्यूट्रॉनच गिळतो आणि लगेच परत वर आणणं अवघड होतं. आणि मंद करून पैसे फारसे वाचतच नाहीत.

संध्याकाळचे चारपाच तास आता बॅटरी सांभाळते. खरी परीक्षा असते ती आठवडाभर ढग दाटलेले आणि वारा पडलेला असताना, जर्मनीत त्याला डुंकेलफ्लाउटे म्हणतात. विषुववृत्ताच्या जवळ हिवाळा तेवढा अंधारा नसतो म्हणून तिथे हा प्रश्न बराच हलका होतो, माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे पण तो चर्चेत येतच नाही.

मग उन्हाच्या देशाने अणुवीज घेऊच नये का? असंही नाही. युएईने बराकाह अणुवीज केंद्राचं काम २०१२ मध्ये सुरू केलं, आज चार युनिट (म्हणजे चार भट्ट्या) मिळून ५६०० मेगावॅट आहेत आणि देशाची सुमारे २५ टक्के वीज तिथून येते. तिथे एसी रात्रीही चालू असतात, धरणाची वीज जवळजवळ नाही, आणि एकच डिझाइन लागोपाठ चारदा बांधलं, अनुभवी कोरियन कंपनीकडून. उलट फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलच्या एकाच नव्या युनिटचं बांधकाम २००७ ला सुरू झालं आणि ते ग्रिडला जोडलं गेलं डिसेंबर २०२४ ला. सतरा वर्षं! तेवढ्या काळात सोलर आणि बॅटरी कुठल्या कुठे गेल्या.

म्हणून माझं मत, ऊन-वारा असलेल्या देशाने आधी ग्रिड आणि बॅटरीवर पैसे घालावेत, आणि नवी भट्टी घ्यायचीच तर एकट्यादुकट्या युनिटच्या नादी लागू नये. चालू असलेल्या सुरक्षित भट्ट्या मात्र बंद करू नयेत, बांधायचा खर्च तर होऊन गेलेलाच असतो. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन बंद केल्या तेव्हा कोळशाचे प्लांट चालूच होते, ते मला अजूनही पटलेलं नाही.