१४२८५७ : कापरेकर संख्या नेमकी कोणती?

पायची किंमत २२/७ धरून वर्तुळाची गणितं केलेल्या प्रत्येकाच्या वहीत १४२८५७ हे अंक येऊन गेले आहेत. सातने भागलं की हाच सहा अंकांचा फेरा. १८०१ साली अशा आवर्ती दशांशांचं कोष्टक छापलं गेलं. सातसारखा पूर्ण लांबीचा, म्हणजे भाजकापेक्षा एक कमी इतक्या अंकांचा, फेरा देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत, हे १९२७ मधलं अनुमान मात्र अजून सिद्ध व्हायचं आहे.

पुढचं वर्गीकरण आपल्याकडचं. १९३० ते १९६२ देवळालीत शाळाशिक्षक असलेले गणितप्रेमी द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हटलं. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने भागल्यास येतात ५२९१, बाकी शून्य. अमेरिकेतल्या १९७७ च्या एका व्याख्यानानंतर इंग्रजीत याच संख्यांना दुसरं नावही मिळालं. आधीचं नाव हर्षद, आणि तेच वापरलं जावं.

खरा गुंता ‘कापरेकर संख्या’ या नावाचा आहे. वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज केली की जी संख्या स्वतःच परत मिळते, ती कापरेकर संख्या. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे केले, तर २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. पण तुकडा कुठे पाडायचा? एका व्याख्येप्रमाणे ज्या संख्येचा वर्ग केला तिच्यात जितके अंक, तितकेच उजवीकडे हवेत. दुसरीला तसं बंधन नाही. ५२९२ चा वर्ग २८००५२६४, आणि २८ + ००५२६४ = ५२९२. उजवीकडे सहा अंक आले म्हणून कडक व्याख्या हिला बाहेर काढते. सुरुवातीच्या शून्यांचा आक्षेप घ्यावा, तर ९९९ चा वर्ग ९९८००१. तिथे ९९८ + ००१ ही बेरीज कडक व्याख्येलाही चालते.

म्हणजे बंधन नुसतं अंकांच्या संख्येचं उरतं, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या सिद्धतेनंतर ते टिकवायला सबळ कारण दिसत नाही. उजव्या तुकड्यात सहा अंक, म्हणून सहा नऊ घेऊ : ९९९९९९ = २७ × ७ × ११ × १३ × ३७. या पाच अवयवांचे दोन गट पाडायचे. ९९९९९९ पर्यंतची जी संख्या एका गटाच्या गुणाकाराने नि:शेष भागली जाते आणि दुसऱ्याने भागल्यास बाकी १ उरते, ती कापरेकर संख्या. अशा १ धरून ३२ संख्या मिळतात. १४२८५७ ला सातने भागलं की बाकी १ आणि भागाकार २०४०८, म्हणजे वर्गाचा डावा तुकडाच!

आता गट १८९ आणि ५२९१ असे पाडा. हे ५२९१ म्हणजे वर हर्षदच्या भागाकारात आलेलेच. ५२९२ ला ५२९१ ने भागलं की बाकी १. आणि १८९ ने भागलं की येतात बरोबर २८, म्हणजे पुन्हा डावा तुकडाच. १४२८५७ ज्या नियमाने आत येते, त्याच नियमाने ५२९२ येते. तिला यादीबाहेर ठेवणं चूक आहे.