आधी अंदाज, मग माप, रूपांतर सगळ्यात शेवटी

मापन शिकवताना शाळेत बहुतेक वेळा शेवटचा धडा पहिल्यांदा येतो. फळ्यावर किलो, हेक्टो, डेकाची शिडी काढली जाते, मुलं ती पाठ करतात आणि ‘३ किमी ५० मी म्हणजे किती मीटर?’ याचं उत्तर बरोबरही देतात. त्याच मुलाला वर्गाच्या दाराची उंची विचारा, ते बेधडक ‘दहा मीटर’ म्हणतं. दार असतं दोन मीटरांच्या आसपास. दहा मीटर म्हणजे तिमजली इमारत झाली. मुलाचं गणित पक्कं असतं, पण मीटर केवढा हे त्याच्या हाताला कधी कळलेलंच नसतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलांच्या कानावर तर एकाच दिवसात चार तऱ्हेची मापं पडतात. आजी जोंधळे पायलीनं मोजते, गवंडी फुटात बोलतो, ऊस टनात जातो, शेत एकर-गुंठ्यात असतं आणि पुस्तकात मीटर-लिटर. हा गोंधळ टाळायची गरज नाही. एकच वस्तू दोन मापांनी मोजली की आकडे वेगळे का येतात, हा प्रश्न इथल्या मुलांना आयताच मिळतो, आणि रूपांतराचं सगळं मूळ त्याच प्रश्नात आहे.

सुरुवात विती-हातानं करावी. फूलवाली माळ मोजते ती कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मराठी असेल तर ‘हात’ म्हणते, कन्नड असेल तर ‘मोळ’. एकीचा हात ४५ सेंटिमीटर भरतो, शेजारणीचा ४१. दहा हात माळ घेतली तर ४० सेंटिमीटरांचा फरक, म्हणजे जवळजवळ एक हात माळ कमी! हे मुलांना सांगण्यापेक्षा करून दाखवावं. १२० सेंटिमीटरचा बाक एका मुलानं आपल्या वितीनं मोजायचा, मग बाईंनी आपल्या वितीनं. मुलाची वीत १५ सेंटिमीटर असेल तर आठ विती येतील, बाईंची २० असेल तर सहाच. बाक तोच आहे. इथं घाई करू नये. ‘बाईंची वीत मोठी, मग आकडा लहान का?’ हा प्रश्न वर्गात हवा तेवढा वेळ घोळू द्यावा. मोठं माप कमी वेळा बसतं, लहान माप जास्त वेळा बसतं, एवढं दुसरी-तिसरीत पक्कं झालं तर पाचवीत गुणायचं की भागायचं हे पाठ करावं लागत नाही.

विती मोजताना दोन चुका हमखास होतात. दोन वितींच्या मध्ये फट राहते, किंवा पुढची वीत मागच्या वितीवर चढते. प्रत्येक वितीच्या टोकाला खडूची रेघ मारली की दोन्ही चुका मुलांना स्वतःलाच दिसतात.

पुढचं साधन म्हणजे मुलांनी स्वतः केलेली एक मीटरची पट्टी. जाड कागदाच्या दहा-दहा सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या दोन रंगांत कापायच्या आणि आळीपाळीनं चिकटवायच्या. नेहमी फसतं ते इथंच. डिंकासाठी प्रत्येक सांध्यात एक सेंटिमीटर कागद खाली जातो. दहा पट्ट्यांना सांधे नऊ, म्हणून ‘मीटर’ भरतो ९१ सेंटिमीटर. उपाय सोपा आहे: नऊ पट्ट्या ११ सेंटिमीटरच्या कापायच्या, जादा सेंटिमीटरवर पेन्सिलनं रेघ ओढायची आणि पुढची पट्टी त्या रेघेपर्यंतच चढवायची. शेवटची दहाची. झाल्यावर स्टीलच्या टेपला लावून बघायची. शिंप्याची जुनी कापडी टेप यासाठी घेऊ नये, ती वापरून वापरून ताणलेली असते. खरं तर एका गटाची ९१ सेंटिमीटरची पट्टी तशीच राहू द्यावी आणि तिनं फळा मोजायला सांगावा. आकडा जास्त का आला, हे शोधण्यात आख्खा तास सत्कारणी लागतो.

फूटपट्टीवरच्या चुका ओळखायच्या असतील तर तुटकी पट्टी हातात द्यावी. पट्टी ४ पासून सुरू होते, पेन्सिल ४ ते ११ पर्यंत आहे. काही मुलं ‘११’ म्हणतील. ती लांबी बघत नाहीत, टोकाशी दिसेल तो आकडा वाचतात. काही ४, ५, ६ असं करत ११ पर्यंतच्या रेघा मोजून ‘८’ म्हणतील. ती रेघा मोजतात, रेघांमधली घरं मोजत नाहीत. उत्तर ७ आहे. या दोन चुका एकाच लाल फुलीत जमा करण्यासारख्या नाहीत. पहिल्या मुलाला ‘शून्य कुठे आहे?’ विचारायचं, दुसऱ्याला पट्टीवर बोटानं एकेक उडी मारायला लावायचं. चांगल्या पट्टीवरही शून्य अगदी कडेला नसतं, थोडी मोकळी जागा सोडून असतं, आणि बरीच मुलं कडेपासूनच मोजतात.

आता अंदाज. प्रत्येक मापाआधी अंदाज लिहायचा, आणि तो पेनानं. पेन्सिलनं लिहिलेला अंदाज माप घेतल्यावर हळूच खोडला जातो आणि सगळ्यांचे अंदाज चमत्कारानं अचूक निघतात. वहीत तीन रकाने करावेत: अंदाज, माप, फरक. अंदाजाला बरोबर-चूक अशी खूण नकोच; फरक कमी होत जातोय का, एवढंच बघायचं. एकच आकडा सांगायला मूल बिचकत असेल तर ‘एवढ्याहून कमी नाही, एवढ्याहून जास्त नाही’ असे दोन सांगू द्यावेत. चौथी-पाचवीच्या मुलाचा लांबीचा अंदाज दहाव्या भागाइतका इकडे-तिकडे आला तर उत्तम समजावं.

अंदाजाला खुंट्या लागतात. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटरला जरा कमी. ए-फोर कागदाची लांब बाजू २९.७ सेंटिमीटर, आडवी २१. मुलांच्या करंगळीच्या नखाची रुंदी साधारण सेंटिमीटरच्या आत-बाहेर, ती ज्यानं-त्यानं मोजून घ्यावी. स्वतःच्या अंगावरची खुंटी वर्षभरात वाढते, म्हणून दर सत्राला पुन्हा मोजायची.

वजनाचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण डोळा हाताला बनवतो. चुरमुऱ्यांची फुगलेली पिशवी आणि गुळाचा खडा, दोन्ही शंभर ग्रॅम. लांबून बघून मूल चुरमुरे जड म्हणतं; हातात घेतल्यावर बहुतेकांना गूळ जड वाटतो. मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं. समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकारानं लहान ती जड भासते, हे शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं आहे. म्हणून वजनाचा अंदाज डोळे मिटून, दोन सारख्या पिशव्यांचे बंद बोटाला अडकवून करावा.

तराजू वर्गात होतो. तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी, बरोबर १५ वर भोक, दोन्ही टोकांपासून एकेक सेंटिमीटरवर खाच, दोऱ्यांना डब्यांची दोन झाकणं. भोक पट्टीच्या रुंदीत वरच्या कडेकडे हवं. खालच्या कडेकडे पाडलं तर पट्टीचा गुरुत्वमध्य टेकूच्या वर जातो आणि दांडी एकदा कलली की परत येत नाही, कलंडतेच. रिकाम्या तराजूची दांडी आडवी नसेल तर हलक्या पारड्याखाली मेणाचा तुकडा लावावा. कणकेचा गोळा लावला तर दुसऱ्या दिवशी तो वाळून हलका होतो आणि तराजू पुन्हा बिघडतो. मग कसोटी: दोन पारड्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करायची. तरी दांडी आडवीच राहिली तर दोन्ही हात सारखे.

मापं विकत आणायची गरज नाही. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, अलीकडचं किंचित जड. तेरा नाणी म्हणजे १०० ग्रॅम, फरक एक ग्रॅमच्या आतला. या नाण्यांच्या तोलानं वाळूच्या शंभर ग्रॅमच्या दहा पुरचुंड्या बांधाव्यात. प्रत्येक पुरचुंडी नाण्यांशीच तोलायची. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी केली तर चूक चढत जाते आणि दहावी भलतीच निघते.

द्रवासाठी औषधाच्या बाटलीचं रेघा असलेलं टोपण आणि प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली पुरते. दहा मिलिलिटरचं टोपण दहा वेळा ओतून शंभरची खूण करायची. रेघ वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत हवा आणि पाण्याचा खोलगट भाग बघायचा. मान आणि बूड निमुळतं असल्यामुळे तिथल्या खुणा सारख्या अंतरावर येणार नाहीत, म्हणून मधल्या दोन खुणा बघून बाकीच्या पट्टीनं आखू नयेत. लहानग्यांबाबत एक लक्षात ठेवावं: सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांना उंच पेल्यात ओतलं की पाणी वाढलं असंच वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे दाखवून दिलं. अशा मुलाला हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर हे घोकवण्यात काही हशील नाही. त्याला ओतू द्यावं, परत ओतू द्यावं.

‘लिटर म्हणजे किलो’ हा समज मोठ्यांच्याही तोंडी असतो. तो पाण्यापुरता खरा. गोडेतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं, ते मुलांना शोधायला लावावं. अर्धा लिटर दूध उलट ५१५ ग्रॅमच्या आसपास भरतं.

कर्नाटकातल्या शाळांत मेट्रिक मेळा भरतो, मुलं भाजी मांडून विकतात. कौतुक होतं, फोटो निघतात, पण मोजण्याचं काम बहुतेकदा पालक किंवा इलेक्ट्रॉनिक काटा करतो आणि मुलं फक्त पैसे घेतात. एक नियम घातला तर मेळ्याचं सोनं होईल: गिऱ्हाइकानं वस्तू हातात घेऊन आधी वजन बोलायचं, मग काट्यावर ठेवायची, आणि फरक विकणाऱ्यानं वहीत मांडायचा. पाव किलो रताळी सांगून मुलांनी किती उचलली, ते बघण्यासारखं असतं.

हे सगळं झाल्यावर रूपांतराला हात घालावा. हेक्टो आणि डेका सध्या बाजूलाच ठेवावेत, रोजच्या वापरात किलो, सेंटी, मिली एवढेच येतात. आपल्याकडची सव्वा, दीड, पाऊण, अडीच ही भाषा इथं फार उपयोगी पडते. सव्वा किलो म्हणजे १२५० ग्रॅम, पाऊण लिटर म्हणजे ७५० मिलिलिटर, अडीच मीटर म्हणजे २५० सेंटिमीटर. पायलीच्या निम्मी अधोली आणि अधोलीच्या निम्मा शेर अशी जुनी मापं निम्म्यानिम्म्यानं उतरायची, म्हणून हे शब्द तोंडात बसले. दहाच्या पटीतल्या मापांनाही ते चालतात.

घोळ होतो तो दशांश चिन्हापाशी. १ किलो ५० ग्रॅम मुलं १.५० लिहितात, १ मीटर ५ सेंटिमीटर १.५. पूर्वी रुपये-पैशांच्या उदाहरणानं हे सुटायचं. आता पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, मुलांनी पैसा पाहिलेलाच नाही. त्यापेक्षा घरं आखावीत: किलोपुढे ग्रॅमची तीन, मीटरपुढे सेंटिमीटरची दोन, रिकाम्या घरात शून्य. १ किलो ५० ग्रॅम म्हणजे १.०५०. रस्त्याकडेलाही दशांश उभा असतो. किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये कित्येक रस्त्यांवर लहान दगड असतात, २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले. ते दोनशे-दोनशे मीटरवर असतात. ७ च्या दगडापुढचा ‘४’ म्हणजे ७.४ किलोमीटर. रहदारी नसलेल्या रस्त्यावर मुलांना दोन लहान दगडांमधली पावलं मोजायला लावली की किलोमीटर पायांना कळतो. उसाच्या घरातल्या मुलांना दुसरं उदाहरण द्यावं. केंद्र सरकारनं २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी (कारखान्यांनी उसाला द्यायचा किमान दर) क्विंटलला ३४० रुपये ठरवली, घरात मात्र बोलणं टनाचं. टनाला किती? दहा क्विंटलांचा टन, म्हणून ३४००. माप दहापट मोठं, म्हणून त्याची किंमतही दहापट. इथं मुलं अडखळतात, कारण मोठं माप घेतलं की आकडा लहान होतो असं ती शिकलेली असतात. तो नियम ‘किती मापं बसली’ याचा आहे, ‘एका मापाचा दर’ याचा नाही. हा फरक सावकाश उलगडावा.

पाचवी-सहावीला खास सीमाभागातलं एक कोडं घालता येईल. कर्नाटकातल्या उताऱ्यावर शेत एकर-गुंठ्यात असतं, पलीकडे महाराष्ट्रातल्या सात-बारावर हेक्टर-आरमध्ये. दोन्हीकडे जमीन असलेली घरं आहेत, उतारे मिळतील. सात-बारावरचं १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. शंभर आरांचा हेक्टर, म्हणून हा खरा दशांश आहे. इकडच्या उताऱ्यावरचं २.२० मात्र दशांश नाही. ते २ एकर २० गुंठे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून अडीच एकर. १.३० आणि १.२० कॅल्क्युलेटरवर मिळवले तर २.५० येतात, असा आकडा उताऱ्यावर असूच शकत नाही, गुंठे ३९ च्या पुढे जात नाहीत. ५० गुंठ्यांतून ४० चा एकर काढला की उत्तर ३.१०.

आर आणि गुंठा मैदानावर दोरीनं आखून घ्यावेत. दहा मीटर बाजूचा चौरस म्हणजे एक आर. दोन्ही कर्ण १४ मीटर १४ सेंटिमीटर भरले तर कोपरे काटकोनात आहेत. गुंठा ३३ फूट बाजूचा, म्हणजे १० मीटर ६ सेंटिमीटरचा. बाजूला फक्त सहा सेंटिमीटर जादा, म्हणून बरेच लोक आर आणि गुंठा एकच धरतात. एका गुंठ्याला ते चालतं, क्षेत्रफळात फरक सव्वा चौरस मीटरसुद्धा नाही. एका हेक्टरला मात्र शंभर आर असतात आणि गुंठे ९९ सुद्धा भरत नाहीत, ९८.८४ होतात, म्हणजे २ एकर आणि १९ गुंठ्यांना थोडे कमी.