अपग्रेड आणि अदलाबदल

गेल्या दिवाळीच्या आसपास दोन मित्रांचे फोन आले, दोन दिवसांच्या अंतराने. ठाण्याचा म्हणाला, "ॲम्प अपग्रेड केला." पुण्याचा म्हणाला, "टर्नटेबल अपग्रेड केलं." ठाण्याच्या मित्राने आठ वर्षं वापरलेला ॲम्प (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) दुकानात देऊन, वर चांगली घसघशीत रक्कम भरून त्याच कंपनीचं नुकतंच आलेलं मॉडेल घरी आणलं होतं. पुण्याच्या मित्राचं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवून वाजवणारं यंत्र, होतं तेच होतं. त्याच्या पोटातलं, फिरत्या तबकडीला आधार देणारं बेअरिंग तेवढं नवं बसवून घेतलं होतं.

शब्द दोघांनी एकच वापरला, पण गोष्टी दोन होत्या. पुण्याच्या मित्राने केलं ते अपग्रेड. ठाण्याच्या मित्राने केली ती अदलाबदल. अपग्रेडमध्ये यंत्र तुमचंच राहतं. त्यातला एक कच्चा दुवा निघतो आणि तिथे पक्का बसतो. बाकीचा स्वभाव, बाकीची जुळणी जिथल्या तिथे. अदलाबदलीत अख्खं यंत्र जातं आणि दुसरं येतं. नव्याचे गुण येतात, त्याच्या खोडीही येतात, आणि जुन्याचे जे गुण तुमच्या कानाला, तुमच्या खोलीला, तुमच्या स्पीकरला जुळलेले असतात ते दुकानात राहतात. लाखाच्या घरातला खर्च करताना हा भेद माहीत नसला तर माणूस चुकीच्या गोष्टीसाठी पैसे मोजतो, आणि चूक झाली हे कळायलाही वर्ष जातं.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो दोन टर्नटेबलांत. दोन्ही जवळपास एकाच वयाची. जपानच्या टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ चं, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या लिनचं सोंडेक एलपी१२ हे १९७३ चं. दोन्ही आजही बनतात. पण पन्नास वर्षांत दोघांची वाट अगदी उलट्या दिशांनी गेली.

आधी एलपी१२. लाकडी चौकट, तिच्यात तीन स्प्रिंगांवर तरंगणारा आतला सांगाडा, त्यावर बेअरिंग, रेकॉर्ड जिच्यावर ठेवायची ती तबकडी म्हणजे प्लॅटर, आणि सुई धरणारा आर्म; मोटर बाजूला, रबरी पट्ट्याने प्लॅटर फिरवणारी. ही मूळ रचना कंपनीने सोडली नाही. एकेक भाग मात्र बदलत नेला. १९८२ मध्ये व्हलहाला नावाचं विजेचं सर्किट आलं, १९९० मध्ये लिंगो हा बाहेरचा पॉवर सप्लाय, १९९३ मध्ये सर्कस बेअरिंग, २००७ मध्ये कील हा एकसंध ॲल्युमिनियममधून कोरून काढलेला सांगाडा, २००९ मध्ये रॅडिकल हा डीसी मोटरचा संच, २०२० मध्ये करूसेल बेअरिंग. सत्तरच्या दशकात घेतलेल्या एलपी१२ मध्येही करूसेल बसतं. एखादा नवा भाग आला म्हणून जुनं टर्नटेबल मोडीत निघत नाही.

आता यातला एकच भाग जवळून बघू, कारण अपग्रेड म्हणजे नेमकं काय ते त्यातून कळतं. सुरुवातीच्या एलपी१२ ची मोटर थेट घरच्या विजेवर चालायची, आणि तिची गती विजेच्या वारंवारतेला बांधलेली होती. पन्नास हर्ट्झ आले तर रेकॉर्ड मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे घेणार. कमी आले तर फेरे त्याच प्रमाणात कमी. आपल्याकडे २००० सालापूर्वी ग्रिडची वारंवारता ४९ हर्ट्झच्याही खाली जाणं नवलाचं नव्हतं. पन्नासाचे साडेएकोणपन्नास झाले की गती एक टक्क्याने उतरली. सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले तर एक टक्का म्हणजे साधारण १७ सेंट. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर, असते २२ सेंटच्या आसपास. म्हणजे बैठकीत गायकाने जो षड्ज लावला, तो तुमच्या दिवाणखान्यात जवळपास एका प्रमाणश्रुतीने खाली वाजत होता. नुसतं ऐकणाऱ्याचा कान हे सांभाळून घेतो. पण रेकॉर्डबरोबर पेटी घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला पेटी आणि रेकॉर्ड का जुळत नाहीत हे कळेना, आणि तो बिचारा स्वतःच्या कानाला दोष देत राही.

व्हलहालाने काय केलं? क्वार्ट्झ स्फटिकाच्या आधारे आपले स्वतःचे पन्नास हर्ट्झ तयार केले आणि मोटरला ते दिले. भिंतीतल्या विजेत काहीही घडो, मोटरला त्याची झळ नाही. एक नेमका दोष, त्यावर एक नेमका उपाय, बाकी यंत्र तसंच. अपग्रेड हा शब्द मी वापरतो तो या अर्थाने.

आणि इथेच एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आता आपल्या ग्रिडचा नियमच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे. त्यामुळे आज कोणी केवळ गतीसाठी पॉवर सप्लाय बदलायला निघालं, तर त्याला १९९० च्या श्रोत्याइतका लाभ मिळणार नाही. मोटर अधिक शांत चालेल, तिची थरथर कमी होईल, तो लाभ आहेच. पण तो वेगळा आणि लहान. तीन स्प्रिंगांचंही तसंच. मजल्यातली थरथर सुईपर्यंत पोहोचू नये म्हणून त्या असतात. ब्रिटनमधल्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर कोणी चाललं की सुई उडू शकते. आपल्या लादीवर तो त्रास फारच कमी. लाकडी मजल्याच्या जुन्या वाड्यात किंवा गिरगावातल्या जुन्या चाळीत राहत असाल तर गोष्ट वेगळी. सांगायचं एवढंच की अपग्रेडची किंमत पत्रकात छापलेली असते, पण त्याचं मोल तुमच्या घरात तो दोष मुळात आहे की नाही यावर ठरतं.

आता टेक्निक्स. १९७९ चं एसएल-१२०० एमके२ घ्या: मोटर थेट प्लॅटरखाली, पट्टा नाही, गतीला क्वार्ट्झचा लगाम. विजेच्या वारंवारतेचा वर सांगितलेला त्रास त्याला पहिल्या दिवसापासून नव्हताच. डीजेंनी ते जगभर नेलं. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, आणि २०१६ मध्ये हे नाव परत आलं ते एसएल-१२००जी म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला भाऊ-भाऊ वाटतील. तोच आर्मचा बाक, कडेला तेच ठिपके, तीच गती कमी-जास्त करायची पिचची पट्टी. आत मात्र मोटर नव्याने रचलेली, प्लॅटर पितळ, ॲल्युमिनियम आणि रबर अशा थरांचं, वजन ३.६ किलो. एमके२ च्या मालकाला यातलं काय बसवून घेता येतं? काहीच नाही. १२००जी ची मोटर किंवा प्लॅटर एमके२ मध्ये बसवण्याची सोय कंपनीने ठेवलेली नाही. हवं असेल तर नवं टर्नटेबल घ्यायचं.

म्हणून एमके२ वरून १२००जी वर जाणारा माणूस अपग्रेड करत नाही, तो अदलाबदल करतो. यात कमीपणा काही नाही. उलट एक मोठा फायदा आहे. सगळे भाग एकमेकांसाठी, एकाच वेळी आखलेले असतात, आणि खोक्यातून काढून दोन तासांत रेकॉर्ड लावता येते. एलपी१२ चं तसं नाही. त्याचा नवा भाग बसवायला स्प्रिंग समतोल करणारा शिकलेला हात लागतो, आणि तसे हात आपल्या देशात थोडे आहेत. पुण्याच्या मित्राला बेअरिंग बदलण्यासाठी टर्नटेबल गाडीच्या मागच्या सीटवर, दोन उशांच्या मध्ये ठेवून मुंबईला न्यावं लागलं. प्लॅटर वेगळं, आर्म बांधलेला, एक्स्प्रेसवेवर ताशी साठच्या वर गाडी नाही. शिवाय एकेक भाग जोडत गेलात तर बेरीज कुठे जाते तेही बघायला हवं. पाच टप्प्यांत केलेला खर्च बरेचदा एका नव्या, वरच्या श्रेणीच्या यंत्राला मागे टाकतो. दर टप्प्याला रक्कम सोसण्यासारखी वाटते म्हणून एकूण आकडा कोणी कागदावर मांडतच नाही. मांडा.

डिजिटल यंत्रांनी या भेदात आणखी एक पदर आणला. अमेरिकेतल्या पीएस ऑडिओने २०१४ मध्ये डायरेक्टस्ट्रीम नावाचा डॅक (डिजिटल आकड्यांचं आवाजाच्या विजेत रूपांतर करणारं यंत्र) आणला. आतली चिप अशी की तिची रचनाच सॉफ्टवेअरने बदलते. मालकांनी वर्षानुवर्षं नवं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेतलं, कार्डावर चढवलं, यंत्रात घातलं आणि आवाज बदलला. त्या आवृत्त्यांना कोलोरॅडोतल्या शिखरांची नावं दिलेली. इथे तर स्क्रूही काढावा लागला नाही, तरी हे अस्सल अपग्रेडच. पुढे २०२३ मध्ये डायरेक्टस्ट्रीमचा एमके२ आला तो मात्र वेगळं यंत्र म्हणून. म्हणजे एकाच कंपनीचं, एकाच नावाचं यंत्र. नऊ वर्षं अपग्रेड, आणि मग अदलाबदल. नाव तेच आहे म्हणून दुसरी पायरी पहिलीसारखीच असेल असं धरून चालू नये.

हे सगळं मी इतक्या कळकळीने लिहितो आहे, कारण मला हा धडा महाग पडला. माझ्याकडे बारा वर्षं जुना एक इंटिग्रेटेड ॲम्प होता. तबल्यातल्या डग्ग्याची घुमक सैल झाल्यासारखी वाटायला लागली होती. घिस्सा काढताना डग्गा जो जमिनीशी बोलतो, तो नुसताच धुरकट गोळा होऊन यायचा. त्याच सुमारास त्या कंपनीचं नवं मॉडेल आलं. मुंबईतल्या एका दुकानात दोन्ही शेजारी ठेवून ऐकवले. नवा लावताच अंगावर काटा आला. सगळं मोकळं, जवळचं, जिवंत. तिथेच सौदा केला. जुन्याचे मूळ किमतीच्या पाचव्या हिश्शाइतके मिळाले.

दीड वर्षाने माझा जुना ॲम्प ज्यांनी घेतला होता त्या गृहस्थांनी घरी बोलावलं. त्यांनी एका जुन्या कारागिराकडून त्यातले पॉवर सप्लायचे वाळलेले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) बदलून घेतले होते. खर्च, माझ्या नव्या ॲम्पच्या किमतीच्या मानाने, नगण्य. मी माझा ॲम्प घेऊन गेलो. त्यांनी आधी शंभरेक हर्ट्झचा एक सूर लावला, स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजलं आणि दोन्ही ॲम्प एका पातळीवर आणले. आवाजाच्या एकाच आकड्यावर ठेवला तर नवा जवळजवळ एक डेसिबल जोरात वाजत होता. एक डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये बारा टक्के. तेवढ्या फरकाला कान "जोरात" म्हणत नाही, "चांगला" म्हणतो. पातळी सारखी करून डोळे मिटून ऐकलं तेव्हा डग्गा दोन्हींत जमिनीशी बोलत होता. कुठला ॲम्प लागला आहे हे मला खात्रीने सांगता येईना.

त्या संध्याकाळी मला तिसरी गोष्ट कळली, जी या दोन्हींच्या आड लपलेली असते: दुरुस्ती. माझ्या ॲम्पला अपग्रेडही नको होतं आणि अदलाबदलही. तो थकला होता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशोब आहे. बंद शोकेसमध्ये ठेवलेला, मागे हवा नसलेला ॲम्प आपल्या उन्हाळ्यात किती लवकर वाळत असेल याचा विचार करा. स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड आपल्या दमट हवेत भुसभुशीत होऊन गळते, त्याचंही हेच. दुकानात जाऊन नवं ऐकता तेव्हा थकलेल्या जुन्याची तुलना ताज्या नव्याशी होते, आणि फरकाचं सगळं श्रेय नव्या रचनेला मिळतं. जुनं ताजंतवानं करून मग शेजारी ठेवा. तरीही नवं वरचढ वाटलं, तर ते खरंच वरचढ आहे आणि पैसे सार्थकी लागतील. असं होतंही. ज्याच्या स्पीकरला मुळात अधिक ताकदीचा ॲम्प हवा आहे, त्याचं काम कपॅसिटर बदलून होणार नाही. त्याने अदलाबदलच करावी.

दुकानात शिरण्याआधी मी आता माझ्या वहीत एकच वाक्य लिहितो: मला नेमकं काय खटकतं? "तानपुरा विझताना शेवटी खरखरतो", "डग्गा सैल", "मोठ्या आवाजात सारंगी टोचते", असं काहीतरी पकडता येण्यासारखं. मग कंपनीला किंवा जाणकाराला विचारतो की हे याच यंत्रात सुधारता येतं का. "हो" आलं तर किती टप्पे आणि एकूण किती. "नाही" आलं तर नव्यात हे खटकणं जातं का, हे माझ्याच रेकॉर्डवर, माझ्याच स्पीकरवर, पातळी जुळवून ऐकतो. खटकण्यासारखं काही लिहिताच आलं नाही, तर त्या दिवशी घरीच थांबून रेकॉर्ड ऐकतो.

पुण्याच्या मित्राने असं वाक्य लिहिलं होतं, म्हणून त्याचं बेअरिंग बदललं आणि तो थांबला. ठाण्याच्या मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याचा जुना ॲम्प अजून दुकानातच आहे, विकला गेलेला नाही. दुकानदार सज्जन आहे. दोन दिवसांसाठी द्यायला तयार झाला. येत्या रविवारी मी मल्टिमीटर घेऊन ठाण्याला जाणार आहे.