लहान वयातलं लग्न आणि किशोरवयीनांची क्वालिटी ऑफ लाइफ

लहान वयातलं लग्न म्हणजे दोघांपैकी एकाचं तरी वय १८ च्या आत असताना झालेलं लग्न, मग ते रजिस्टर झालेलं असो की घरच्यांनी ठरवून नुसतं एकत्र राहायला लावलेलं. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते, म्हणजे हाडं अजून वाढतायत, आपल्याला काय आवडतं तेही नीट ठरलेलं नाही, आणि त्यातच संसार गळ्यात. युनिसेफच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे आज हयात असलेल्या सुमारे ६४ कोटी मुली-बायकांची लग्नं अशी झालीयेत.

क्वालिटी ऑफ लाइफ म्हणजे फक्त पैसाअडका नाही, आपलं आयुष्य कसं चाललंय हे ज्याचं त्याला काय वाटतं ते, आणि म्हणूनच ते विचारूनच कळतं. त्यासाठी प्रश्नावल्या असतात. मुलांसाठी बरीच वापरली जाणारी पेडसक्यूएल २३ प्रश्नांची आहे, शरीर, भावना, मित्रमंडळी आणि शाळा असे चार भाग. आता हा कागद लग्न झालेल्या १५ वर्षांच्या मुलीपुढे ठेवा. वर्गात लक्ष लागतं का? अभ्यास पुरा होतो का? शाळाच सुटलीय तर ती काय लिहिणार, तो भाग कोराच राहतो, आणि माझ्या मते कुठल्याही स्कोअरपेक्षा तो कोरा भाग जास्त सांगतो. मोठ्यांची २६ प्रश्नांची प्रश्नावली द्यावी तर त्यात लैंगिक आयुष्याबद्दल समाधानी आहात का असंही विचारलेलं असतं, घरातलं कोणी शेजारी बसलेलं असताना ती खरं सांगेल का?

शरीराचं नुकसान सगळ्यात स्पष्ट दिसतं. २० ते २४ वयाच्या आयांपेक्षा किशोरवयीन आयांना गरोदरपणात झटके येणं, बाळंतपणानंतर इन्फेक्शन होणं याचा धोका जास्त, बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी जन्माला यायचाही जास्त. बाळंतपण अडलं आणि वेळेत सिझेरियन मिळालं नाही तर फिस्टुला होऊ शकतो, म्हणजे मूत्राशय आणि योनीमार्गाच्या मध्ये भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. कपडे ओले, वास येतो, लोक लांब बसायला लागतात, मग ती स्वतःच बाहेर पडायची बंद होते. जखम एकच पण शरीर, मन, नाती, कमाई सगळंच जातं. ऑपरेशनने हे बहुतेक वेळा बरं होतं, फक्त तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे.

मनाचं नुकसान हळूहळू होतं. मैत्रिणी तुटतात, नवरा वयाने बराच मोठा असला तर मूल कधी हवं यातही तिचं काही चालत नाही, मारहाण झाली तरी जायचं कुठे हा प्रश्न.

अर्थात सगळं लग्नामुळेच झालं असं सरसकट म्हणता येत नाही, कारण अशा बऱ्याच मुली आधीच गरीब घरातल्या असतात आणि काहींची शाळा लग्नाआधीच सुटलेली असते, त्यामुळे एकाच वेळी केलेल्या पाहणीत कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वेगळं काढणं अवघड जातं. मुलगेही यातून सुटत नाहीत, युनिसेफच्या २०१९ च्या अंदाजात अशा मुलग्या-पुरुषांची संख्या ११.५ कोटी होती, शिकायच्या वयात घर चालवायची जबाबदारी.

मुलगी शाळेत टिकली की लग्न लांबतं हे बऱ्याच देशांत दिसलंय. पण ज्यांचं लग्न होऊन गेलंय त्यांना गर्भनिरोधकं, उपचार, पुन्हा शाळेत प्रवेश हे सगळं आत्ता लागतं, आणि काय हवंय ते त्यांना एकटं गाठूनच विचारावं लागतं.