फ्लॉपआधीचा रेज: छातीठोकपणापासून हिशेबापर्यंत

लक्ष्मीपूजनाच्या रात्री महालातल्या जुन्या वाड्यापासून मनीषनगरच्या फ्लॅटपर्यंत नागपुरात तीन पत्तीचे डाव बसतात. पत्ते न पाहता ब्लाइंड खेळणाऱ्याला पाहिलेल्याच्या निम्मी चाल द्यावी लागते, त्यामुळे अंधारात दाबत राहणाऱ्याचा टेबलावर वचक असतो. याच बैठकीतून तयार झालेला खेळाडू पुढे नो-लिमिट होल्डेमकडे, म्हणजे बोलीला मर्यादा नसलेल्या पोकरच्या प्रकाराकडे, वळतो आणि दोन सवयी सोबत नेतो. एक, थोडे पैसे टाकून पत्ते बघून घ्यायचे. दुसरी, रेज, म्हणजे बोली वाढवणं, हा हिमतीचा सवाल समजायचा. पोकरच्या जगातही बराच काळ हाच समज होता. तो कसा मोडला, हे कळल्याशिवाय आजचा फ्लॉपआधीचा खेळ समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक हिशेब. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि पहिले तीन सामाईक पत्ते, म्हणजे फ्लॉप, उघडण्याआधी बोलीची एक फेरी होते. तेव्हा मधे फक्त दोघांचे सक्तीचे पैसे असतात: स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि बिग ब्लाइंडचा एक, मिळून दीड बिग ब्लाइंड. बाकीच्यांनी पत्ते टाकल्यावर बटनवरून, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरून, तुम्ही अडीच बिग ब्लाइंडचा रेज केला, तर दीड जिंकण्यासाठी अडीच लावले. कॉल आल्यावर, म्हणजे कोणी तेवढेच पैसे टाकून टिकल्यावर, एकदाही जिंकलो नाही असं धरलं, तरी १०० पैकी साडेबासष्ट वेळा दोघांनी पत्ते टाकले की पैसे वसूल. रेज तीनचा केला तर हाच आकडा ६६.७ वर जातो. आकडेमोड चौथीतल्या मुलाला जमेल अशी, पण टेबलावर ती नेमाने वापरली जायला कित्येक दशकं जावी लागली.

होल्डेम टेक्सासचं. रॉब्सटाउन हे त्याचं जन्मगाव असल्याचं टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं. १९६० च्या दशकात हा खेळ लास वेगासला पोचला आणि १९७० मध्ये बेनी बिनियन यांच्या हॉर्सशू कसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सुरू झाली. त्या काळचे दादा खेळाडू गावोगावच्या अड्ड्यांवर घडलेले होते. त्यांच्यातल्या डॉयल ब्रन्सन यांनी १९७८ मध्ये आपली पद्धत पुस्तकात मांडली, ती अशी: सतत चढून खेळायचं, समोरच्याला प्रत्येक वेळी कठीण निर्णयापुढे उभं करायचं, आणि बाकीच्यांनी सोडून दिलेले लहान लहान पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, गोळा करत राहायचं. त्या पॉटच्या जोरावर मोठ्या डावात धोका पत्करायचा. १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं त्यांनी मुख्य स्पर्धा जिंकली, दोन्ही वेळा शेवटच्या हातात दश्शी-दुर्री घेऊन. कुठलेही पत्ते घेऊन भिडा, असा अर्थ त्यावरून काढणारे आजही भेटतात. प्रत्यक्षात त्या दोन्ही हातांत त्यांना फुल हाउस (तीन एकसारखे पत्ते आणि एक जोडी) लागलं होतं. ब्रन्सन यांचं खरं देणं आक्रमणाच्या सातत्यात आहे.

दुसरा प्रवाह गणिताचा, आणि तो याहून जुना. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत लिहिलेल्या ग्रंथात पोकरचं एक साधं रूप सोडवून दाखवलं. उत्तर अनपेक्षित होतं. बोली लावायची ती सगळ्यात चांगल्या पत्त्यांवर आणि सगळ्यात वाईट पत्त्यांवर. मधल्या पत्त्यांवर गप्प राहायचं. ब्लफ, म्हणजे वाईट पत्त्यांवरची बोली, केलाच नाही, तर चांगले पत्ते आले की समोरचा सरळ उठून जातो आणि आपल्या हाती काही लागत नाही. म्हणजे ब्लफ हा चांगल्या पत्त्यांना गिऱ्हाईक मिळवून देण्याचा खर्च झाला.

किती ब्लफ करायचा, हे हॅरॉल्ड कुन यांच्या १९५० मधल्या खेळात लख्ख दिसतं. घरच्या कॅटमधून गुलाम, राणी आणि राजा एवढे तीनच पत्ते काढा. दोघांनी मधे एकेक रुपया टाकायचा, प्रत्येकी एक पत्ता घ्यायचा आणि बोली जास्तीत जास्त आणखी एका रुपयाची. पहिला गप्प राहिला, तर दुसऱ्याने राजावर नेहमी बोली लावावी आणि गुलामावर तीनपैकी एकदा. आता पहिल्याच्या हाती राणी आहे. त्याला एक रुपया टाकून तीन मिळणार, म्हणजे चारपैकी एकदा समोर गुलाम असला की बरोबरी. आणि या प्रमाणात गुलाम नेमका चारपैकी एकदाच असतो. त्यामुळे राणीवाल्याने कॉल करो की पत्ता टाको, त्याचा फायदा शून्य. घरी पोरांना हा खेळ जरूर शिकवावा, रुपयांऐवजी चिंचोके घेऊन.

या दोन प्रवाहांची गाठ खऱ्या अर्थाने इंटरनेटवर पडली. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर नावाचा हौशी खेळाडू ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ खेळाडूंमधून २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर ऑनलाइन टेबलांवर झुंबड उडाली. इथे प्रत्येक हाताची नोंद राहते. कोण किती हात खेळतो, किती वेळा रेज करतो, उलट रेज आला की किती वेळा पळतो, हे सगळं आकड्यांत दिसू लागलं. पूर्वी रेजवर रेज आला म्हणजे समोर एक्क्यांची किंवा राजांची जोडी, असं धरून चालत. नोंदी सांगत होत्या की लोक या दाबाला गरजेपेक्षा जास्त वेळा पत्ते टाकतात. त्यातून हलक्या पत्त्यांवरची थ्री-बेट, म्हणजे रेजवरचा रेज, रूढ झाली.

ती कुठल्या पत्त्यांवर करायची, इथे फॉन नॉयमन यांचं उत्तर नव्याने हाती आलं. एकाच रंगाचे एक्का-पंजी घ्या. समोरचा फक्त एक्क्यांची जोडी, राजांची जोडी आणि एक्का-राजा यांवरच टिकेल असं समजा. अशा जोड्या अनुक्रमे ६, ६ आणि १६, एकूण २८. तुमच्या हाती एक एक्का आहे म्हटल्यावर उरतात ३, ६ आणि १२, म्हणजे २१. पाव धोका पत्ते वाटतानाच कमी झाला. शिवाय कॉल आलाच तर फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) किंवा स्ट्रेटची (ओळीने पाच पत्ते) आशा असते. एक्का-दश्शी दिसायला बरी, पण कॉल आला की बहुतेक वेळा मोठ्या एक्क्याखाली दबते.

पुढचं काम संगणकाने केलं. २०१५ च्या सुमारास सॉल्व्हर, म्हणजे डावाचं सर्वोत्तम उत्तर शोधणारे प्रोग्राम, सामान्य खेळाडूंच्या हाती आले. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने पिट्सबर्गला २० दिवसांत १,२०,००० हात खेळून चार व्यावसायिकांना हरवलं. माणसांचे डाव न बघता, स्वतःशीच खेळून ते शिकलं होतं, आणि तरीही भरपूर ब्लफ करत होतं.

आपल्याकडे कायद्याचा प्रश्न वेगळा. रमी कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं. पोकरच्या वाट्याला तसा स्पष्ट निकाल आला नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. महाराष्ट्राचा १९७६ चा कसिनो कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.

नागपुरात हौसेखातर, नुसत्या चिप्सवर खेळणाऱ्यांना या इतिहासातून एक गोष्ट थेट वापरता येते. आपल्या टेबलावर रेज झाला तरी चार जण फ्लॉप बघायला येतात. तीन पत्तीची सवय आहे ती. तिथे साडेबासष्ट टक्के वेळा पत्ते पडत नाहीत, म्हणून एक्का-पंजीची थ्री-बेट जवळजवळ बाजूला ठेवावी, चांगल्या पत्त्यांवरचा रेज चार-पाच बिग ब्लाइंडपर्यंत न्यावा, आणि कोण उलट रेजला पत्ते टाकतो याची नोंद ठेवावी. तसा एखादा सापडला, की ब्लफ त्याच्यापुरता परत काढावा.