हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकत नाही
पक्ष्यांच्या पिल्लांचा सीझन आला की ते जुनंच वाक्य परत फिरायला लागतं, "पिल्लाला हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई त्याला टाकून देते". हे खरं नाहीये. पक्षी पिल्लू ओळखतात ते मुख्यतः नजरेने आणि आवाजाने, आणि इतके दिवस किडे भरवून वाढवलेलं पिल्लू कोणी हात लावला एवढ्यावरून सोडून देत नाहीत. डोळे मिटलेलं, उघडंबोडकं पिल्लू खाली दिसलं तर हलकेच उचलून सरळ घरट्यात ठेवा. पण अंगावर पिसं आलीयत, शेपूट आखूड, चोचीच्या कडा अजून पिवळ्या आणि टुणटुण उड्या मारतंय, असं असेल तर ते बहुतेक वेळा पडलेलं नसतंच, ते उडायला शिकतंय, बरेच पक्षी नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि आईबाप खाली येऊनच भरवतात, फक्त आपण तिथून लांब व्हायला हवं! मांजर-कुत्रं फिरत असेल तर जवळच्या झुडपात ठेवा, बस. आणि प्लीज चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं.